डिजिटल चित्रे, एनएफटी आणि कोट्यवधींची कमाई : सोलापूरच्या चित्रकारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात डिजिटल चित्रकला शिकणारे विद्यार्थी, नव्या पेठेतील फ्लेक्सच्या दुकानांत डिझाइन करणारे तरुण, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील चादर-टॉवेल कारखान्यांचे डिझायनर आणि या सर्वांचे काळजीत पडलेले पालक यांच्याकडून एनएफटीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तेथे संबंधित क्रमांक दिला आहे. कर आणि कायदा यांविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी आपल्या सीएचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. एनएफटी म्हणजे चित्राचा सातबारा, असे एका व्याख्यानात ऐकले. हे बरोबर आहे का?

निम्मेच बरोबर आहे. ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही असते. तिच्यातील जुनी नोंद कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. या वहीत 'अमुक क्रमांकाचे टोकन अमुक वॉलेटकडे आहे' अशी जी एकमेव नोंद होते, तिला एनएफटी म्हणतात. वॉलेट म्हणजे आभासी चलन व टोकने ठेवण्याचे डिजिटल पाकीट. ते टोकन एखाद्या चित्राकडे, ध्वनिचित्रफितीकडे किंवा अन्य फाइलकडे बोट दाखवते. सातबाऱ्याशी असलेले साम्य येथे संपते. सातबाऱ्यामागे महसूल खाते आणि कायदा उभा असतो, तर एनएफटीच्या नोंदीमागे नोंद करणारा खरोखर चित्रकार आहे की नाही हे तपासणारा कोणीही नसतो. दुसऱ्याचे चित्र उचलून कोणीही त्याची नोंद करू शकतो, आणि तसे सर्रास घडलेले आहे (प्रश्न १६ पाहा).

२. एका चित्राला पाचशे कोटी मिळालेला तो 'बीपल' कोण? त्याला हे कसे साधले?

माइक विंकलमन हे त्यांचे नाव असून 'बीपल' या नावाने ते काम करतात. हे अमेरिकन गृहस्थ शिक्षणाने संगणकशास्त्राचे पदवीधर आहेत. १ मे २००७ रोजी त्यांनी रोज एक चित्र पूर्ण करून त्याच दिवशी इंटरनेटवर टाकण्याचा नेम सुरू केला आणि तो स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मोडला नाही. सुरुवातीची चित्रे कागदावरची साधी रेखाटने होती. पुढे त्यांनी थ्रीडी सॉफ्टवेअर आत्मसात केले. मैफलींच्या रंगमंचामागे दाखवल्या जाणाऱ्या चलचित्रफिती ते इतरांना मोफत वापरायला देत, आणि त्यातूनच नामांकित गायकांच्या कार्यक्रमांची व मोठ्या कंपन्यांची कामे त्यांच्याकडे आली. समाजमाध्यमांवर त्यांना लाखो अनुयायी होते, तरीही ऑक्टोबर २०२० पर्यंत त्यांच्या चित्राची एकही प्रत १०० डॉलरांपेक्षा जास्त किमतीला विकली गेली नव्हती.

त्या महिन्यात त्यांनी निफ्टी गेटवे या एनएफटी विक्रीच्या ऑनलाइन मंचावर पहिल्यांदा एनएफटी विकले. त्यांपैकी 'क्रॉसरोड' हे चित्र अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालानुसार बदलेल अशी त्याची रचना होती. सुमारे ६६ हजार डॉलरांना गेलेले हे चित्र फेब्रुवारी २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरांना पुन्हा विकले गेले. पाठोपाठ क्रिस्टीज या लिलावसंस्थेने त्यांची पहिली ५,००० चित्रे एकाच चौकटीत बसवलेली २१,०६९ गुणिले २१,०६९ पिक्सेलची फाइल लिलावात काढली. १०० डॉलरांपासून सुरू झालेली बोली ११ मार्च २०२१ रोजी ६ कोटी ९३ लाख ४६ हजार २५० डॉलरांवर थांबली. ही रक्कम तेव्हाच्या दराने सुमारे ५०० कोटी रुपये होते.

दोन गोष्टी बातम्यांत मागे पडल्या. पहिली अशी की, या रकमेत लिलावसंस्थेने खरेदीदाराकडून घेतलेले सुमारे ९० लाख डॉलरांचे शुल्कही होते आणि चित्रकाराच्या हाती सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर आले. दुसरी अशी की, बीपल यांना ही रक्कम इथर या आभासी चलनात मिळाली आणि त्यांनी ती लगोलग डॉलरमध्ये बदलून घेतली. हा बाजार फुगलेला आहे, असे ते त्याच सुमारास जाहीरपणे सांगत होते. माझ्या मते त्यांच्या सर्व निर्णयांत शिकण्यासारखा निर्णय हाच आहे.

३. पण एवढे पैसे दिले कोणी, आणि कशासाठी?

खरेदीदार होते 'मेटाकोवन' या नावाने वावरणारे विघ्नेश सुंदरेशन. ते मूळचे तमिळनाडूचे असून आभासी चलनाच्या व्यवसायातून श्रीमंत झालेले आहेत. त्यांच्याशी अखेरपर्यंत बोली लढवणारे जस्टिन सन हेदेखील त्याच क्षेत्रातील उद्योजक होते. इथरचा भाव त्या काळात झपाट्याने चढत होता आणि ज्यांच्याकडे ते आधीपासून साठलेले होते, त्यांना ते खर्च करायला जागा हवी होती. अशा माणसांची संख्या जगात फार नव्हती. मात्र एखाद्या लिलावात त्यांतले दोघे समोरासमोर आले, की भावाला धरबंध राहत नसे.

याला आणखी एक पदर आहे. सुंदरेशन यांनी बीपल यांची २० चित्रे आधीच विकत घेऊन त्यांच्या मालकीचे वाटे 'बी-२०' नावाच्या टोकनांच्या रूपाने जानेवारी २०२१ मध्ये विक्रीस काढले होते. बीपल यांच्याकडेही त्यांतील दोन टक्के टोकने होती. क्रिस्टीजच्या लिलावाची चर्चा वाढली तसा बी-२० चा भाव चढला आणि लिलावानंतर तो कोसळला. यात बेकायदा काही घडले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु 'रसिकाने चित्रावर लुब्ध होऊन पाचशे कोटी मोजले' अशी जी गोष्ट सांगितली जाते, ती या पार्श्वभूमीवर वाचावी.

४. सामान्य घरातल्या, आशियातल्या कोणाला असा पैसा मिळाला आहे का?

मिळाला आहे. इंडोनेशियातील सेमारांग शहरातील घोझाली या विद्यार्थ्याने २०१७ पासून पाच वर्षे वारंवार संगणकासमोर बसून स्वतःचा एकेक फोटो काढला होता. जानेवारी २०२२ मध्ये असे ९३३ फोटो त्याने प्रत्येकी सुमारे ३ डॉलरांना विक्रीस ठेवले आणि काही दिवसांतच त्यांची खरेदी-विक्री लाखो डॉलरांवर गेली. आपल्याकडे दिल्लीचे अमृत पाल सिंग यांची 'टॉय फेसेस' ही थ्रीडी व्यक्तिचित्रे २०२१ च्या सुरुवातीला परदेशी संग्राहकांनी घेतली. सिंग यांच्यामागे मात्र अनेक वर्षांचे व्यावसायिक काम होते. घोझालीच्या यशात योगायोगाचा वाटा मोठा होता. त्याचे अनुकरण करणाऱ्या हजारोंच्या फोटोंना कोणी विचारले नाही.

५. तो बाजार अजून आहे का? की आम्हाला उशीर झाला?

२०२१ चा बाजार राहिलेला नाही. बीपल यांचेच 'ह्युमन वन' हे शिल्प नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे २ कोटी ८९ लाख डॉलरांना गेले आणि डिसेंबरमध्ये 'पाक' या नावाने काम करणाऱ्या कलाकाराच्या 'मर्ज' या कृतीचे भाग २८ हजारांहून अधिक जणांनी मिळून ९ कोटी डॉलरांहून जास्त किमतीला घेतले. पुढल्या वर्षी उतरण लागली. ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्वीटचे एनएफटी मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरांना विकले गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये ते पुन्हा लिलावात काढले, तेव्हा मुदतीत आलेली सर्वोच्च बोली ३०० डॉलरांच्याही आत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅपगॅम्बल या संकेतस्थळाने ७३,२५७ एनएफटी संग्रहांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ६९,७९५ संग्रहांचे बाजारमूल्य शून्य इथर आढळले.

चित्रे आजही विकली जातात. घेणारे थोडे, चोखंदळ आणि चित्रकाराला आधीपासून ओळखणारे असतात. त्यामुळे एनएफटीच्या भरवशावर नोकरी सोडणे किंवा कर्ज काढून महागडा संगणक घेणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

६. चित्र तर कोणीही मोबाइलवर सेव्ह करू शकतो. मग विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळते, आणि माझ्याकडे काय उरते?

विकत घेणाऱ्याला टोकन मिळते, ते पुढे विकण्याचा अधिकार मिळतो आणि विक्रीच्या अटींत लिहिले असेल तेवढ्यापुरता चित्र दाखवण्याचा परवाना मिळतो. कॉपीराइट आपोआप त्याच्याकडे जात नाही. बीपल यांच्या चित्राच्या खरेदीदारालाही ते प्रदर्शित करण्याचा हक्क मिळाला, कॉपीराइट मिळाला नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचा तर तसा सही केलेला लेखी करार लागतो. त्यामुळे एनएफटी विकल्यानंतरही त्याच चित्राच्या कागदावरील प्रती, कॅलेंडरे किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ यांचे हक्क सामान्यतः आपल्याकडेच राहतात. हे अपवादाशिवाय नाही. नोकरीत आणि मागणीनुसार केलेल्या कामासाठी प्रश्न १२ आणि १३ पाहा. ग्राहकाला 'ही एकच प्रत असेल' असे सांगून विक्री केली असेल, तर त्याच चित्राचे दुसरे एनएफटी काढणे ही सरळ फसवणूक ठरेल.

७. सुरुवात कशी करायची, आणि खर्च किती येतो?

प्रथम मेटामास्कसारखे वॉलेट घ्यावे लागते. ते उघडताना मिळणारे बारा शब्द हीच त्याची किल्ली असते. ते शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये, ते व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत आणि 'आम्ही कंपनीतून बोलतोय' असे सांगणाऱ्यालाही देऊ नयेत. त्यानंतर एखाद्या मंचावर खाते जोडून, फाइल चढवून, शीर्षक, वर्णन व किंमत भरून चित्राची नोंद करायची असते. यालाच मिंट करणे म्हणतात. नोंदीसाठी ब्लॉकचेनला जे शुल्क द्यावे लागते ती गॅस फी. इथेरियम या ब्लॉकचेनवर (इथर हे तिचेच चलन) ती गर्दीप्रमाणे बदलते आणि २०२१ मध्ये ती अनेकदा काही हजार रुपयांवर जात असे. भारतीय तरुणांनी सुरू केलेल्या पॉलिगॉन या जाळ्यावर तेच काम सहसा काही रुपयांत होते. काही मंचांवर नोंद विक्रीच्या वेळी होते आणि तिचे शुल्क खरेदीदार भरतो.

फाइल चढवणे हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. ती पाहायला कोणी येईल अशी ओळख तयार करणे हे खरे काम असून त्याला वर्षे लागतात.

८. इन्स्टाग्रामवर एका परदेशी ग्राहकाने माझी चार चित्रे प्रत्येकी दोन इथरला मागितली आहेत. तो सांगेल त्या साइटवर मिंट करायचे आहे. करू का?

करू नका. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वाधिक संख्या याच प्रश्नाची असते आणि गोष्टीचा क्रम जवळजवळ प्रत्येक वेळी सारखाच असतो. प्रथम 'आपली शैली माझ्या संग्रहाला शोभेल' असा गोड संदेश येतो. मग तो ग्राहक कधीही न ऐकलेल्या साइटचा दुवा देतो आणि तेथे प्रत्येक चित्रासाठी गॅस फी म्हणून काही हजार रुपयांचे इथर आधी भरावे लागते. ते भरल्यावर चित्रे लगेच 'विकली' जातात, खात्यात आठ इथर दिसू लागतात आणि तेच या सापळ्याचे आमिष असते. रक्कम काढायला गेलो की 'काढणी शुल्क', 'परकीय कर', 'खाते पडताळणी' अशा नावांनी पुन्हा पुन्हा पैसे मागितले जातात. पडद्यावरचे आठ इथर हे त्या साइटने लिहिलेले नुसते आकडे असतात.

खऱ्या खरेदीदाराला चित्रकाराने कोणत्या मंचावर यावे याचा आग्रह धरण्याचे कारण नसते. आपण जेथे चित्र ठेवले असेल तेथे येऊन तो घेऊ शकतो. पैसे गेले असतील तर लाजेपायी गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करावी. संदेश, वॉलेटचे पत्ते व व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पहिल्या काही तासांतील तक्रारीला सर्वाधिक किंमत असते. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो' असे सांगणारा पुढचा माणूस बहुधा त्याच टोळीतला असतो.

९. माझे चित्र पुढे दहापट किमतीला विकले गेले, तर मला दरवेळी हिस्सा मिळतो ना?

पूर्वी बऱ्याच मंचांवर मिळत असे, आज त्याची खात्री नाही. 'क्रॉसरोड'च्या (प्रश्न २ पाहा) पुनर्विक्रीतील १० टक्के बीपल यांना मिळाले होते आणि या सोयीमुळेच अनेक चित्रकार एनएफटीकडे वळले. कागदावरच्या चित्रकारांच्या वाट्याला हे सुख सहसा आलेले नाही. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचे १९५४ मधील 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरांना विकले गेले, तेव्हा ते पाहायला हुसेन हयातही नव्हते. भारतीय कायद्यात चित्राच्या मूळ प्रतीची १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला वाटा देण्याची तरतूद आहे, पण ती कागदावरच राहिल्यासारखी आहे.

एनएफटीतील हिस्सा मात्र कायद्याने नव्हे, तर मंचाच्या धोरणाने मिळत होता. कमी शुल्काच्या स्पर्धेत मंचांनी तो ऐच्छिक केला. ओपनसी या मोठ्या मंचाने ऑगस्ट २०२३ मध्ये तशी घोषणा केली. म्हणून पुनर्विक्रीचा हिस्सा मिळाला तर आनंद मानावा आणि पहिल्या विक्रीची किंमत ठरवताना तो हिशेबात धरू नये.

१०. चित्र ब्लॉकचेनवर गेले म्हणजे ते कायमचे सुरक्षित झाले का?

नोंद सुरक्षित झाली. चित्राची फाइल बहुधा दुसरीकडेच असते, कारण मोठी फाइल ब्लॉकचेनवर ठेवणे परवडत नाही. फाइल एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल आणि ती कंपनी बुडाली, तर टोकन रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीचे एक्सचेंज दिवाळखोरीत गेल्यावर त्याच्या मंचावरील अनेक एनएफटींच्या जागी चित्रेच दिसेनाशी झाली होती. आयपीएफएससारख्या विकेंद्रित साठवणीत धोका कमी होतो, पण तेथेही फाइल कोणीतरी सतत जतन करावी लागते. मूळ फाइल, तिचे थर आणि कच्ची रेखाटने यांच्या दोन प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. चित्र आपलेच असल्याचा पुरावा म्हणूनही त्या कामी येतात.

११. कर किती लागतो? आणि इथर रुपयांत आणून बँकेत कसे जमा करायचे?

आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के दराने कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. कायद्याने या मालमत्तेत एनएफटीचा समावेश केलेला आहे. या उत्पन्नातून केवळ खरेदीची किंमत वजा होते. संगणक, सॉफ्टवेअर किंवा इंटरनेट यांचा खर्च वजा होत नाही आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर ठरावीक मर्यादेपलीकडे १ टक्का टीडीएसही कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली असल्यामुळे कलमांचे जुने क्रमांक येथे दिलेले नाहीत.

चित्रकाराने स्वतः निर्माण केलेल्या एनएफटीची पहिली विक्री याच तरतुदीखाली येते की व्यवसायाच्या उत्पन्नाखाली, यावर करसल्लागारांत दोन मते आहेत. सावध मार्ग धरला तर हिशेब असा होतो : चित्र १,००,००० रुपये किमतीच्या इथरला विकले, तर कर ३१,२०० रुपये. आपण इथर तसेच ठेवले आणि त्याची किंमत ६०,००० रुपयांवर आली, तरी कर ३१,२०० रुपयेच राहतो आणि हातात २८,८०० रुपये उरतात. ४०,००० रुपयांच्या घसरणीची वजावट मिळत नाही. म्हणून विक्री होताच निदान कराएवढे इथर तरी रुपयांत बदलून ठेवावे.

रुपयांत बदलण्यासाठी सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या भारतीय एक्सचेंजवर पॅन व केवायसी देऊन खाते उघडावे लागते. मार्च २०२३ पासून या व्यवसायाला मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. आभासी चलन भारतात कायदेशीर चलन नाही, पण त्याची खरेदी-विक्री करणे गुन्हाही नाही. बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. एक्सचेंजवर रक्कम साठवून मात्र ठेवू नये. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरांची मालमत्ता चोरीस गेली आणि ग्राहकांचे पैसे महिनोन्महिने अडकून पडले.

१२. मी चादर कारखान्यात डिझायनर आहे. वीस वर्षांत काढलेल्या नक्ष्या माझ्याच हातच्या आहेत. त्यांचे एनएफटी करू शकतो का?

खास सोलापूरचा असा हा प्रश्न असल्यामुळे तो सविस्तर पाहू. जकार्ड मागासाठी मोर, वेल किंवा चौकडी बसवताना आलेखकागदावर एकेक चौकोन रंगवला जात असे, आणि त्या आलेखातील प्रत्येक ओळीबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डाला भोके पाडली जात. एका चादरीच्या कार्डांची ती लांबलचक माळ मागावर चढवली, की नक्षी आपोआप कापडावर उतरत असे. आता हे काम बव्हंशी संगणकावर होते. या प्रवासात तीन वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात.

पहिला मालकाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. पगारावर असताना काढलेल्या नक्षीसाठी कारखानदाराची लेखी संमती लागेल. आपण बाहेरून, नगावर काम करत असाल तर स्थिती वेगळी असते आणि काय ठरले होते हे पाहावे लागते.

दुसरा डिझाइनचा. जी नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिचा कॉपीराइट मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती लावलेला माल यंत्रावर पन्नासहून अधिक वेळा निघाला की संपुष्टात येतो. मागावर पन्नास चादरी निघायला कितीसा वेळ लागतो! अर्थात मूळ स्वतंत्र चित्र आणि केवळ कापडावर उतरवण्यासाठी केलेली नक्षी यांत न्यायालये फरक करतात, त्यामुळे प्रत्येक नक्षी तपासूनच उत्तर देता येईल. हक्क संपलेल्या नक्षीचे एनएफटी काढता येईल. पण ती फक्त आपलीच आहे असे ग्राहकाला सांगता येणार नाही.

तिसरा नावाचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वर्णनात 'सोलापुरी चादरीच्या परंपरेतून स्फुरलेले' असे लिहिण्यात अडचण दिसत नाही, परंतु संग्रहालाच ते नाव देऊन ब्रँडसारखे वापरू नये.

यापेक्षा बरा मार्ग असा की, वीस वर्षांच्या हातखंड्यातून सुटीच्या दिवशी, स्वतःच्या संगणकावर, नवी चित्रे करावीत. आलेखाच्या चौकोनांत विचार करण्याची सवय पिक्सेलच्या माध्यमात अनायासे उपयोगी पडते आणि ती परदेशातील चित्रकाराकडे नसते.

१३. एका ग्राहकाने पैसे देऊन वडिलांचे व्यक्तिचित्र काढून घेतले. ते मी मिंट करू शकतो का?

वेगळे ठरले नसेल, तर नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला हक्कदार कायद्याने ग्राहकच असतो. शिवाय त्या घरच्यांच्या भावनांचाही प्रश्न आहे. यापुढे काम घेतानाच पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी.

१४. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वज यांची चित्रे विकण्यास परवानगी लागते का?

वास्तूचे किंवा सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र काढणे व प्रसिद्ध करणे याला कॉपीराइट कायदा मुभा देतो. यात्रेचे चित्रही आपल्या डोळ्यांनी पाहून काढले तर प्रश्न नाही. चूक होते ती दुसऱ्याच्या छायाचित्रावरून गिरवण्यात. इंटरनेटवरील सुंदर फोटो घेऊन त्यावर रंग चढवला तरी त्या छायाचित्रकाराचा हक्क शाबूत राहतो. नंदीध्वज मिरवताना धरणारे भक्त ओळखू येतील असे चित्र असेल, तर त्यांना विचारणे हा सभ्यपणा झाला.

१५. एआयकडून करून घेतलेली चित्रे चालतील का?

मंचावर चढतील. संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असे भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून लिहिलेले आहे. पण ही व्याख्या आजच्या एआयच्या कितीतरी आधीची आहे आणि अमेरिकेत तर मानवी कर्तृत्व नसलेल्या प्रतिमेला कॉपीराइट मिळत नाही. एआय वापरले असल्यास वर्णनात तसे लिहावे. ज्या वस्तूचा तुटवडाच नाही तिला दुर्मिळ म्हणून कोण घेणार, हा व्यवहाराचा प्रश्न त्याआधी स्वतःला विचारावा.

१६. माझे चित्र दुसऱ्याच कोणी मिंट करून विकायला ठेवले आहे. काय करू?

असे एकट्या आपल्याच बाबतीत घडलेले नाही. मोफत मिंट करण्याच्या आपल्या सोयीतून तयार झालेल्या एनएफटींपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोरीची, बनावट किंवा कचरा स्वरूपाची होती, असे ओपनसीने स्वतःच जानेवारी २०२२ मध्ये सांगितले होते. त्या मंचाच्या कॉपीराइट तक्रार अर्जात मूळ फाइल, ती प्रथम प्रसिद्ध केल्याची तारीख व दुवा जोडून तक्रार करावी. मंच ते चित्र आपल्या दुकानातून हटवू शकतो. ब्लॉकचेनवरील नोंद मात्र पुसली जात नाही. मोठी रक्कम गुंतली असेल तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी.

१७. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याने स्वतःच्या नावावर विक्री केली तर चालेल का?

वयाच्या अठरा वर्षांपूर्वी केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार वैध ठरत नाही, आणि एक्सचेंजवर त्याची केवायसीही होणार नाही. व्यवहार पालकांच्या नावे करावे लागतील व पालकांनी ते समजून घ्यावे लागतील. मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न करासाठी सहसा त्याचेच धरले जाते, म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा.

१८. एनएफटीमुळे प्रचंड वीज जळते, असे वाचले होते. ते अजून खरे आहे का?

इथेरियमपुरते ते १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत खरे होते. त्या दिवशी नोंदी पडताळण्याची पद्धत बदलल्यावर त्या जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

१९. चित्रकाराचे निधन झाल्यास वॉलेटमधील रक्कम आणि चित्रांचे हक्क घरच्यांना मिळतात का?

कॉपीराइट वारसांकडे जातो आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यासाठी वॉलेटची गरज नसते. वॉलेटमधील इथर व न विकलेली टोकने मात्र वॉलेटच्या बारा शब्दांशिवाय (प्रश्न ७ पाहा), वारस दाखला घेऊन गेले तरी, कोणीही उघडून देऊ शकत नाही, कारण तेथे अर्ज करायला शाखाच नसते. म्हणून मृत्युपत्रात वॉलेटचा उल्लेख करावा, पण शब्द त्यात लिहू नयेत. ते बंद लिफाफ्यात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि लिफाफा कोठे आहे हे घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे. एक्सचेंजवरील रकमेसाठी त्या कंपनीकडे मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे व केवायसी सादर करून दावा करावा लागतो.